शेवटच्या बाकापर्यंत

दोघांनीही भिंगांवरून डोळे काढले होते.

सूक्ष्मदर्शक दोन माणसांनी एकाच वेळी पाहण्याचा होता. एरवी समोरच्या खुर्चीत शिकाऊ डॉक्टर बसत. आज तिथे लेम्पी कोस्केला होती. शाळेची बस चालवणारी, दीड महिन्यापूर्वी डावा स्तन काढलेली. मला दाखवा, असा हट्ट तिनेच धरला होता. खिडकीबाहेर सुपीरियर सरोवराचा बर्फ एप्रिल सरत आला तरी फुटला नव्हता.

"पहिली काच स्तनातल्या गाठीची," गाठी तपासून अहवाल देणारे डॉक्टर, हापाला, म्हणाले. "दुसरी नऊ वर्षांपूर्वीची, तुमच्या उजव्या टाचेवरून काढलेल्या तिळाची. त्या तिळातलाच कर्करोग स्तनात जाऊन बसला. तो स्तनाचा नव्हताच."

"दोन्हीकडे तीच तपकिरी धूळ. बस हाकणारीलासुद्धा दिसते हो, डॉक्टर."

"गाठीतली मला साकळलेल्या रक्ताची वाटली, तिळाच्या रंगाची नाही."

"आणि तेव्हा तीळ कोणी तपासला होता?"

हापालांनी दोन्ही अहवाल तिच्यापुढे सरकवले. दोन्हींखाली एकच सही होती.

"गाठीसोबत आलेल्या कागदावर पूर्वीच्या आजाराचा रकाना रिकामा होता," ते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांची मान खाली गेली. "फोन करून विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

"म्हणजे काढायला नको होता?"

"नको होता. गाठीपुरतं कापून भागलं असतं."

लेम्पीने मांडीवरचा कोट उचलला. "बस रिकामी दिसली, तरी रोज शेवटच्या बाकापर्यंत चालत जावं लागतं मला. एखादं पोर झोपलेलं असू शकतं. तिथलं बटण दाबल्याशिवाय बस बंद केल्यावरचा भोंगा गप्प बसत नाही मेला. सत्तावीस वर्षं जातेय. एकदाही कोणी सापडलं नाही."

"मिसेस कोस्केला," हापाला उठून उभे राहिले, "मला माफ करू शकाल?"

विचारताक्षणीच त्यांना कळलं की हेही आपण तिच्याकडे मागतो आहोत.

तिने कोट घातला, डाव्या बाजूची सपाट घडी हाताने नीट केली आणि दार उघडलं. लांब बोळातून ती उजवी टाच जमिनीला न टेकवता चालत गेली.

त्या टाचेची काच अजून सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यावर होती.