दोन रकाने

“चिठ्ठी कुठाय?” डॉक्टरांनी हात पुढे केला.

दिनानाथकडे चिठ्ठी नव्हती. दर महिन्याला कुमुदिनी वहीतले आकडे एका चिठ्ठीवर उतरवून आणायची. तिला जाऊन एकवीस दिवस झाले होते. चिठ्ठी कशी करायची ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने पिशवीतून अख्खी वहीच काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी आधी त्याच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे तीस, ब्याऐंशी. “अगदी व्यवस्थित,” ते म्हणाले. “वहिनींनी तुम्हाला तळहातावरच्या फोडासारखं जपलं हो.”

जपलं होतंच. चार वर्षांपूर्वी बहरीनला फोरमन असताना त्याला वर्कशॉपमध्ये चक्कर आली. तिथल्या इस्पितळाने ब्लडप्रेशर सांगितलं, गोळ्या आणि एक इंग्रजी फाईल दिली. नोकरी सुटली. अंबरनाथच्या घरी आल्या दिवशी त्याने ती फाईल कुमुदिनीला मराठीत समजावून सांगितली. मीठ बंद. रोज सकाळी प्रेशर मोजून लिहायचं. संध्याकाळी तासभर चालायचं. आणि पेशंटला टेन्शन येईल असं काहीही त्याच्या कानावर घालायचं नाही. तिने चारही गोष्टी बोटांवर मोजून पाठ केल्या. इंग्रजी तिला येत नव्हतं. पण तिकडचा डॉक्टर बोलला म्हणजे तिच्या लेखी देवच बोलला.

तिकडून आणलेलं मशीन कसं लावायचं ते ती इथल्या कंपाउंडरकडून शिकली. एक सकाळ चुकवली नाही. अळणी आमटी त्याच्यापुढे ठेवायची, स्वतःही तीच खायची. दोन दोन स्वयंपाक कोण करत बसणार, म्हणायची. पाच वाजले की त्याला शिवमंदिराकडे फिरायला पिटाळायची. बेलवलीहून तिची बहीण वेणू आली होती, तिने चेष्टा केली की भावजी म्हणजे गॅसवरचं दूध झालेत, उतू जाईल म्हणून ताई जागची हलत नाही. सगळे हसले. दिनानाथही हसला.

गेल्या उन्हाळ्यात कुमुदिनीने डोक्याला फडकं आवळून बांधलेलं त्याने पाहिलं होतं. ऊन लागलं असेल, असं तीच म्हणाली. मग पड जरा, मला सांगत बसू नकोस, माझं चढेल, असं तो म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला.

मग एका सकाळी ती गॅसपाशीच कोसळली. मेंदूतली शीर फुटली होती. भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्याने हेच सांगितलं होतं, की कुणाला काही कल्पनाच नव्हती.

डॉक्टर वही चाळता चाळता थांबले.

“यात दोन रकाने आहेत. ‘हे’ म्हणजे तुम्ही. आणि हा ‘मी’?”

दिनानाथने चष्मा लावला. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नाही, वहीतही नाही. ‘हे’ लिहून त्याखाली सकाळचे आकडे. शेजारी ‘मी’. त्याखाली संध्याकाळचे आकडे आणि वेळ. रोजची वेळ सव्वापाच. तेव्हा तो शिवमंदिराच्या वाटेवर असायचा. एकशे साठ. एकशे ऐंशी. शेवटच्या आठवड्यात दोनशेच्या वर. अक्षर मात्र पहिल्या पानासारखंच गोल आणि ठळक.

“साध्या गोळीचं काम होतं हो,” डॉक्टर म्हणाले. “दर महिन्याला इथे तुमच्या शेजारी बसायच्या. मला नाही, निदान तुम्हाला तरी सांगायचं.”

“मला टेन्शन द्यायचं नाही, असं फायलीत होतं,” चार वर्षांच्या सवयीने दिनानाथ म्हणाला.

“ती फाईल मी वाचलीय, दिनानाथराव. मीठ, मोजणी, चालणं. एवढंच आहे त्यात.”

दिनानाथने वही मिटली. एवढंच होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. चौथी गोष्ट त्याने आपल्या मनाने घातली होती, घरी आल्यावर जरा शांतता मिळावी म्हणून.