कडेलोट घळ

रेव्हलस्टोकच्या डोंगरातल्या त्या उभ्या, बर्फाळ घळीला सगळे ‘कडेलोट’ म्हणत. तिच्या तोंडाशी शेल्बी तीनदा स्नोबोर्ड घेऊन गेली आणि तीनदा परत फिरली. तिला शिकवणारा गार्नेट दर वेळी सांगे, “भीती डोळ्यांत असते गं! गुडघे सैल सोड, खाली बघू नकोस, पुढचं वळण तेवढं बघ.” तो स्वतः तिथून कधीच उतरला नव्हता, पण हे त्याला अकरा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

आज वर पोचताच दाट धुकं आलं. “शेजारच्या सोप्या उताराने जाऊ, माझ्या आवाजामागे ये,” म्हणत गार्नेट निघाला. उतार त्याला जरा जास्तच उभा वाटत होता, पण आता शिष्येला सांगणार कसं? तो वळणं ओरडून सांगत राहिला आणि शेल्बी एकदाही न पडता तळाशी आली.

तेवढ्यात धुकं फाटलं. दोघांनी वर पाहिलं. समोर कडेलोट होती आणि तिच्यात त्यांच्याच दोन ताज्या रेघा.

“मास्तर! सोपा उतार म्हणून चक्क फसवलंत मला? काय डोकं लावलंत हो!” शेल्बीने त्याला मिठीच मारली.

गार्नेटची नजर अजून त्या रेघांवरच होती. त्याने बर्फातच बसकण मारली आणि गंभीरपणे म्हणाला, “शिकवायची एकेकाची पद्धत असते.”

 

“मग उद्या माझ्या दोन्ही भावांनाही इथूनच न्या,” शेल्बी म्हणाली. “उद्या तर लख्ख ऊन आहे म्हणतात.”