घामाचे पैसे

कप्तानने पुठ्ठ्याची पेटी टेबलावर ठेवली, तसं टेलर मास्तरांनी मशीन थांबवलं. पेटीला वर फट पाडलेली होती. पुढच्या बाजूला त्यांच्या मुलीचं नाव ठळक अक्षरांत रंगवलं होतं.

"हे काय?"

"ऑपरेशनसाठी, मास्तर. संघातल्या आम्ही सगळ्याजणी घरोघर जाणार आहोत."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "माझ्या पोरीच्या नावानं दारोदार फिरणार?"

कप्तानने पेटी जराशी स्वतःकडे ओढली.

"तुमच्या संघाचे शर्ट मी शिवले. शिलाई सोडली का? नाही सोडली. फुकटचं अंगाला लागत नाही, बाळ. तिच्यासाठी काही करायचंय ना? मग घाम गाळा. त्यातला रुपयासुद्धा मी कपाळाला लावून घेईन. पण मागायचं नाही. या घरात आजवर कुणी मागितलेलं नाही."

त्यांनी कात्री उचलली, पेटीचे शिवणीवरून कापावेत तसे सरळ तुकडे केले आणि गठ्ठा करून तिच्या हातात दिला.

मास्तरांची मुलगी फुटबॉल संघाची गोलकीपर होती. तिच्या हातून चेंडू सुटत नसे, म्हणून सगळ्याजणी तिला 'भिंत' म्हणत. गेल्या हंगामात चेंडू छातीशी धरून ती खाली बसली ती उठलीच नाही. आधी सगळ्यांना वाटलं, वेळ काढतेय. मग तिचे ओठ निळे पडलेले दिसले. हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका.

मैदानाच्या कडेला संघाची बैठक बसली. राइट विंगला खेळणाऱ्या मुलीची जीभ पायांहून वेगात चालायची, म्हणून तिचं नाव वकील. ती उसळलीच.

"मागण्यात लाज कसली? चोरी करतोय का आपण?"

"मास्तर नको म्हणालेत."

"मास्तर अभिमानी आहेत. ठीक आहे. पण जीव भिंतीचा आहे. कष्टाला वेळ लागतो, कप्तान. तिच्याकडे तोच नाहीये."

वकिलाचं म्हणणं कप्तानला पटत होतं. पण मास्तरांचा शब्द तिला मोडवेना. "कमावू," ती म्हणाली, "आणि लवकर कमावू."

मुलींनी पदर खोचला. पहाटे पेपर टाकले, कॉलेज सुटल्यावर गाड्या धुतल्या. एका खानावळीत भांडी घासली, एका गोदामात खोकी उतरवली. बॅकला खेळणाऱ्या मुलीच्या तळहातांना फोड आले. वकील कुरकुर करत राहिली, पण एकही दिवस चुकली नाही.

भिंतीला हे सांगायला कप्तान घरी जायची. भिंत उशीला टेकून बसलेली असायची. दोन वाक्यं बोलली की थांबायची.

"तुमचा स्टॅमिना... माझ्यामुळे वाढतोय," ती एकदा म्हणाली. "कोचला सांग. माझा पगार चालू कर म्हणावं."

कप्तान हसली आणि लगेच पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली.

मास्तरांचं दुकान हल्ली दुपारनंतर बंदच असायचं. "शहरात एका कारखान्याचे गणवेश शिवायला मिळालेत," काकू, म्हणजे भिंतीची आई, म्हणाल्या. "तिथंच बसून शिवतात. जेवायचंही भान नसतं बघ."

मास्तर रात्री परतायचे ते पार चेचून गेल्यासारखे. चेहरा उन्हाने रापला होता, आवाज बसला होता. खिशातले पैसे काकूंच्या हाती देऊन ते मुलीच्या उशाशी बसायचे. कप्तानला पाहिलं की म्हणायचे, "काय, चाललंय ना काम? शाब्बास."

तिला भरून यायचं. मुली थकून कुरकुरू लागल्या की ती म्हणायची, "मास्तरांकडे बघा. या वयात मर मर मरतायत. कुणापुढे मान खाली घातलीय का?"

मग मुली पुन्हा उठायच्या.

एका संध्याकाळी भिंतीला इस्पितळात हलवावं लागलं. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेतलं. काकू परत आल्या तेव्हा कठड्याला धरून धरून चालत होत्या. कप्तानने मनाशी हिशेब मांडला. मुलींची कमाई, मास्तरांचे गणवेश, सगळं धरून निम्मंही होत नव्हतं. वकिलाचं म्हणणं खरं ठरत होतं.

दुसऱ्या दिवशी कुणालाही न सांगता ती शहराच्या बसमध्ये बसली. आपल्या गावात मागितलं तर मास्तरांच्या कानावर जाईल. इथे कोण ओळखतंय? तरीही उतरल्यावर तिने स्कार्फ नाकापर्यंत ओढून घेतला.

बसस्थानकासमोरच्या पुलाखाली माणसांचा पूर वाहत होता. ती एका खांबाशी उभी राहिली. एक बाई समोर आली. कप्तानचं तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. बाई निघून गेली. मग एक म्हातारा गेला, कॉलेजची पोरं गेली. मास्तरांना कळलं तर ते पुन्हा तोंड बघणार नाहीत, हा एकच विचार डोक्यात घुमत होता.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस पायरीवर बसला होता. खाली मान घालून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी म्हणत होता. अधूनमधून कुणीतरी थांबून त्याला पैसे देत होतं.

मागायचं कसं ते तरी बघू, म्हणून ती जवळ गेली. त्याच्यासमोर जाऊन थांबली.

तिच्या बुटांकडे बघत, मान वर न करता, बसलेल्या आवाजात मास्तर म्हणाले, "ताई, पोरगी फार आजारी आहे हो. काही द्याल का?"