घरगाडीचा इन्व्हर्टर

"काय काय चालवाचं हाय यावर?" धनंजयने विचारलं.

सुखराम तोंड उघडणार, तोच शकुनबाई म्हणाली, "एक पंखा, दोन लाइट अन् मोबाइल. बस."

शहापूरला हायवेच्या कडेला धनंजयचं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान होतं आणि दुकानासमोर या नवरा-बायकोची घरगाडी उभी होती. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाल्यावर सुखरामने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढल्या, आत शेगडी आणि मोरी केली, खिडकीला लागून एक पलंग ठोकून घेतला. त्या पलंगावर पडल्या पडल्या पुरीच्या समुद्राचा आवाज ऐकायचा, एवढीच शकुनबाईची हौस. भंडारा जिल्ह्यात तलावांना काय तोटा! पण ज्याचा पल्याडचा काठ दिसत नाही असं पाणी तिला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

दोन वर्षं झाली, तरी गाडी त्यांच्या दिघोरी गावाची वेस काही ओलांडत नव्हती. गाडीत लाइन, म्हणजे वीज, असते हे गावाला कळलं आणि तिथेच सगळं बिनसलं. कुणाच्या बारशात लाइन गेली, आणा सुखरामची गाडी. कुणाची धानाची मळणी अंधारात अडली, आणा सुखरामची गाडी. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिच्या नाटकात नायिका ऐन रडायला लागली आणि माइक बंद पडला, तेव्हाही गाडीच धावून गेली. घरी आल्यावर सुखराम दर वेळी कपाळाला हात लावायचा. "गावानं जीव खाल्ला माहा. पन नाही तरी कसं म्हनाव?" लोक त्याला पहिल्या खुर्चीवर बसवायचे, शाल-नारळ द्यायचे. शालींनी एक पेटी गच्च भरली होती. शकुनबाईला त्याची दया यायची. भिडस्त माणूस, करणार तरी काय!

शेवटी एका हळदीत पोरांनी डीजेची वायर गाडीला जोडली आणि इन्व्हर्टर जळाला. सारं गाव हळहळलं. शकुनबाईने मात्र देवापुढे गुपचूप साखर ठेवली.

तिचा बेत पक्का होता. इन्व्हर्टर घ्यायचा तो अगदी लहान, दुसऱ्या कुणाच्या कामीच पडू नये असा. आणि तो बसवला की गावात परत फिरकायचंच नाही, शहापूरहून थेट पुरीचा रस्ता धरायचा. कपडे, लोणचं, पोह्यांचा डबा, सगळं तिने कुणाला न सांगता गाडीत भरलं होतं. सुखरामनेही मान हलवली होती. "एकदाचं सुटू वो," तो म्हणाला होता.

धनंजयने एक लहानसा खोका काउंटरवर ठेवला. "मंग हा पुरते तुमाले. हाय तेच बॅटरी चालते. पलंगाखाली चूपचाप बसून राहते."

"यावर डीजे वाजते काय?" शकुनबाईने खात्री करून घेतली.

"डीजे? मावशी, मिक्सर लावला तरी बंद पडन."

"मंग द्या," ती खुशीत म्हणाली.

तेवढ्यात सुखरामचा फोन वाजला. तो नेहमी स्पीकर लावूनच बोलायचा. फोन गावातल्या मंडळाच्या अध्यक्षांचा, पुंडलिकरावांचा होता. शकुनबाईने कान टवकारले. आता कुणाचं बारसं निघालं?

"सुखरामभाऊ, खुशखबर हाय!" पुंडलिकराव ओरडले. "मंडळानं जनरेटर आनला. लय मोठा! आता तुमच्या गाडीची काही गरज नाही. मोकळं केलं तुमाले गावानं!"

शकुनबाईचा जीव भांड्यात पडला. तिचे डोळे भरून आले. चोरासारखं पळायला निघालो होतो, आता चारचौघांत सांगून जाता येईल.

"मले नाही विचारलं कोनी," सुखराम फोनवर म्हणाला.

"तुमाले काहून तरास द्याव, भाऊ? तुमीच त म्हनत जा, गावानं जीव खाल्ला म्हनून."

"अन् मंडईच्या नाटकात लाइन गेली त?"

"बटन दाबलं का झालं!" पुंडलिकराव हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

"अजी, ऐकलं काय!" शकुनबाई म्हणाली. "आता लपूनछपून कायले जावाचं? साऱ्याईले सांगून जाऊ. शेजारच्या धुरपताले पुरीचा परसाद आनू."

सुखराम नुसता गाडीकडे बघत होता. आगारात ड्युटी लागली नाही की त्याचा चेहरा असाच पडायचा, हे शकुनबाईला आठवलं आणि तिचं हसू ओठांतच राहिलं.

धनंजयने खोका उघडून वायरी बाहेर काढल्या. "बसवून देऊ नं, काका?"

सुखरामने तो खोका हळूच त्याच्याकडे परत सरकवला. "जनरेटरपेक्षा मोठा कोनता हाय तुह्याकडं?"

धनंजय आधी हसला. मग म्हातारा थट्टा करत नाही हे पाहून त्याने मान खाजवली. "हाय, काका. पन त्याले बॅटऱ्याच आठ लागते. ठेवाल कुठी? पलंग काढा लागन."

शकुनबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दोन वर्षं तिने गावावर धरलेला राग आता कुठे ठेवावा, तिला कळेना.

"काढून टाक," सुखराम म्हणाला. "झोपाले घर हाय नं."