मोरेश्वरांचा उखाणा

जुन्या कॅसेटींच्या फाइली करून देणाऱ्या रूपांतर केंद्रातल्या पडद्यावर तरुण मोरेश्वरांनी उखाणा घेतला आणि बायकोचं नाव एका दमात म्हणून टाकलं. समोर बसलेल्या कालिंदीबाई ताडकन म्हणाल्या, "हा कोण?"

"काकाच की! तुमच्याच लग्नाची कॅसेट आहे, काकू," ऑपरेटर मुलगी म्हणाली.

"ते बोलताना अडखळायचे. माझ्या नावातल्या 'का'वर अडकले, सगळा मांडव हसला, तरी नाव पुरं करूनच थांबले. ते अडखळणं कुठल्या फॉरमॅटमध्ये राहतं?"

"कुठल्याच नाही. बोलण्यातला दोष आता आपोआप निघतो. कॅसेट चालवणारी जुनी यंत्रंही उद्यापासून बंद होतायत. लहान फाइल हवी की मोठी, तेवढं सांगा."

"एकही नको. या माणसाशी माझं लग्न झालेलं नाही."

"मग काकांचा आवाज कायमचा जाईल."

"बघू कसा जातो!"

कालिंदीबाई उठल्या आणि भरल्या केंद्रात, सगळ्यांदेखत, नवऱ्याचा उखाणा त्याच्याच ढंगात म्हणू लागल्या. शेवटी स्वतःच्याच नावाशी आल्या. "का... का... का..."

रांगेतलं कोणीतरी फिस्सकन हसलं.

"हां, मांडवात अगदी असंच हसले होते," त्या म्हणाल्या आणि नाव पुरं केलं.