थोरल्या दिरांचा दिवा

"हा शेवटचा कुणासाठी?" पायरीखाली उभ्या असलेल्या माणसानं विचारलं.

ती वाकून सातवी पणती लावत होती. नुकतीच तिन्हीसांज झाली होती, गल्लीतल्या उंबऱ्या-उंबऱ्यावर दिवे लागत होते. सणाच्या दिवशी वाटसरू दोन शब्द बोलला तर त्यात वावगं काय?

"आमच्या थोरल्या दिरांसाठी," ती म्हणाली. "मी पाहिलं नाही त्यांना. माझं लग्न व्हायच्या आधीच वारले."

"गेलेल्या माणसाला दिवा कशाला?"

"राजा वनवासातून परत आला तेव्हा त्याला वाट दिसावी म्हणून लोकांनी दिवे लावले. तेव्हापासून लावतात. कोण कुठून यायचं असेल सांगता येत नाही. आपल्या दारात अंधार नको."

तो माणूस पायरीवर मटकन बसला. केस पांढरे, मान मात्र बैलासारखी. मांडीवर कापडी पिशवी. भोवळ आली असेल असं वाटून ती पाणी आणायला वळली.

"कशानं वारले?" त्यानं मागून विचारलं.

"तापानं. हे सांगतात."

हे खाली होते. पायऱ्यांना लागूनच नवऱ्याचं दुकान होतं, खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी फाटकं बनवायचं. सणासुदीलाही त्याचा ग्राइंडर बंद नसे. आता तो बंद पडला आणि नवरा हात पुसत बाहेर आला.

पायरीवरच्या माणसाकडे बघताच त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. तो आत गेला आणि परत आला तो सळई घेऊन.

पहिल्या घावात त्या माणसाची भुवई फाटली. दुसरा त्यानं हातावर झेलला. पणत्या पायांखाली फुटल्या, तेल पायऱ्यांवरून ओघळलं. तिसऱ्या वेळी त्यानं सळई वरच्या वर धरली आणि नवऱ्यासकट फरफटत दुकानात नेली.

"अहो, सोडा! चोर आहे का तो? कोण आहे?" ती ओरडत मागे धावली.

ऐकायला कुणी शुद्धीवर नव्हतं. नवऱ्यानं त्याच्या मनगटाचा लचका तोडला. भिंतीला टेकवलेलं अर्धवट फाटक त्याच्या अंगावर ढकललं. त्यानं ते खांद्यावर घेतलं, बाजूला भिरकावलं आणि नवऱ्याच्या तोंडावर असा ठोसा मारला की दोन दात जमिनीवर पडले. मग दंडाला धरून त्याला लोखंडी टेबलावर आपटलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. नवरा कोसळला. तो माणूस त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला, सळई गळ्यावर आडवी ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबू लागला.

"बारा वर्षं," तो धापा टाकत म्हणाला. "बारा वर्षं तुझी शिक्षा मी भोगली. पत्रं लिहून लिहून बोटं झिजली. आणि तू मला तापानं मारलंस?"

नवऱ्याचे डोळे पांढरे व्हायला लागले. हातोडा तिच्या हाताशी होता, पण हात उचलेना. तोंडातून शब्द मात्र निघून गेला.

"भाऊजी!"

सळईवरचे हात सैल पडले. या नात्यानं त्याला आजवर कुणी हाक मारली नव्हती.

नवरा खोकत कुशीवर वळला. तिनं त्याला हात लावला नाही.

"कसली शिक्षा?" तिनं विचारलं.

थोरल्यानं बाहीनं डोळ्यातलं रक्त पुसलं. "काही नाही. जुनं आहे."

"मी यांना विचारतेय."

नवरा जमिनीकडे बघत राहिला. "बारा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या डोक्यात घण मी घातला होता," तो म्हणाला. "इथंच. पोलिस आले तर दादा म्हणाला, मी मारलं."

"मग जिवंत माणसाला मेलेला कशाला केलात?"

"जिवंत आहे म्हटलं असतं तर भेटायला जावं लागलं असतं."

असं म्हणून तो लहान पोरासारखा रडायला लागला.

तिनं रिक्षा बोलावली. दोघं भाऊ दोन्ही कडांना बसले, मधे ती. दवाखाना येईपर्यंत तिचे दोन्ही खांदे ओले झाले होते.

डॉक्टर बाई तरुण होती. नवऱ्याचा दंड चाचपून तिनं विचारलं, "पडलात की मारामारी? मारामारी असेल तर पोलिसांना कळवावं लागेल."

थोरला सकाळीच तुरुंगातून सुटून आला होता. एका शब्दासरशी आल्या वाटेनं परत जाणार होता.

"मी मारलं," तो म्हणाला. "लिहा."

"नाही." नवऱ्याला नीट बोलता येत नव्हतं. "सळई आधी मी उचलली. तसंच लिहा. आणि बाई, आणखी एक लिहून घ्या. बारा वर्षांपूर्वी आमच्या दुकानात–"

थोरला ताडकन उठला आणि त्यानं नवऱ्याच्या तोंडावर पंजा दाबला.

"बरळतोय," तो डॉक्टरला म्हणाला. "लक्ष देऊ नका. लहान आहे तो."

फुटलेल्या ओठांतलं रक्त त्याच्या बोटांमधून झिरपू लागलं. डॉक्टर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. बायको पुढे झाली. त्या जाड पंज्याचं एकेक बोट तिनं नवऱ्याच्या तोंडावरून सोडवायला घेतलं.

"बोलू द्या त्यांना, भाऊजी," ती म्हणाली.