सैल बूच

झाकण लावायचं वळण जावयाला त्याच्या आईनं लावलंच नव्हतं. टूथपेस्ट उघडी, तेलाची बाटली उघडी, साखरेच्या डब्यावर झाकण नुसतं टेकवलेलं. मुंग्यांना आवतणच. सासूबाई त्याच्या मागं फिरून झाकणं लावत, आणि लावताना त्याला ऐकू जाईल इतपत बोलत.

आज तर त्यानं कहरच केला. कामावरून दुधाच्या किटलीएवढा एक डबा आणून ओट्यावर ठेवला. आत म्हणे नायट्रोजन. पाण्यासारखा पातळ, पण बर्फाहून कितीतरी थंड. दूध, क्रीम, साखर पातेल्यात घेऊन त्यानं तो वरून ओतला. पांढरी वाफ ओट्यावरून उतरली आणि जमिनीवर सरपटत सासूबाईंच्या पायांपाशी आली. त्यांनी पाय खुर्चीवर घेतले. बघता बघता आइस्क्रीम तयार. ओट्यावर बसलेल्या नातीनं दोन वाट्या चाटूनपुसून संपवल्या. सासूबाईंनी एक संपवली आणि साखर जास्त झाल्याचं सांगितलं.

"आई, डब्यात अजून आहे. ही कामावरून आली की हिच्यासाठी परत करू," जावई चपला घालत म्हणाला. "मी खालून क्रीम घेऊन येतो. ते बूच मात्र सैलच असू द्या. आत वाफ सारखी वाढते, तिला बाहेर पडायला वाट लागते."

"वाट लागते ती संसाराची. अशी झाकणं उघडी टाकून."

जावई हसला आणि गेला. दारसुद्धा नुसतं लोटून.

डबा फुसफुसत होता. बुचाच्या कडेनं धूर निघत होता.

"आजी, हा बोलतोय."

"तुझ्या बापावर गेलाय. काम थोडं, बोलणं फार."

सासूबाई उठल्या. त्यांनी बूच दाबलं. ते वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर आलं. या स्वयंपाकघरात आजवर एकाही झाकणानं त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी ओट्याचं फडकं ओलं केलं, पिळलं, बुचाभोवती गच्च गुंडाळलं आणि बत्त्यानं ठोकून ठोकून डब्याच्या तोंडात बसवलं.

फडकं डोळ्यांदेखत पांढरं पडलं. सासूबाईंनी नखानं वाजवून पाहिलं. दगड. धूर थांबला. फुसफुस बारीक होत होत शिट्टीसारखी झाली, मग तीही थांबली.

"आजी, गप्प झाला."

"न होऊन सांगतो कुणाला?"

नातीनं डब्याला मिठी मारून कान लावला. "आत काहीतरी कुरकुरतंय."

दार ढकलून जावई आत आला. क्रीमचा पुडा हातात, ओठांवर काहीतरी गाणं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गाणं थांबलं. तो क्षणभर नुसतं ऐकत राहिला. मग त्याला फडकं दिसलं, आणि डब्याला टेकलेला मुलीचा गाल.

"पिल्लू," तो अगदी हळू म्हणाला, "उतर खाली. माझ्याकडे ये."

"थांब ना बाबा, ऐकू दे."

पुडा त्याच्या हातातून पडला.

सासूबाईंनी पुड्याकडं पाहिलं, मग त्याच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडं. बत्ता धुऊन जागेवर ठेवला, हात पदराला पुसले आणि डब्यावर थाप मारली.

"याला म्हणतात झाकण लावणं, जावईबापू. आता बघू कसा तोंड उघडतो ते."